खालच्या खाचराची सावड

आमच्या घरचं सगळ्यात चांगलं शेत रस्त्याला लागून होतं, हेच त्याचं दुर्दैव. शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव लागतं. भातखाचरं डोंगराच्या पायथ्यापासून पायरीपायरीनं उतरत रस्त्यापर्यंत येतात. त्यातलं शेवटचं, सर्वांत खालचं खाचर आमचं. वरच्या सगळ्यांचं पाणी बांधातल्या मोऱ्यांतून वाहत शेवटी तिथं यायचं आणि येताना त्यांच्या शेतातली माती, शेणखत जे काही सुटं असेल ते घेऊन यायचं. शेणखत गावानं टाकायचं आणि भात आमच्याकडे पिकायचं, असं आई म्हणायची. घरात कधी तांदूळ विकत आणल्याचं मला आठवत नाही.

माळावरची जमीन महामार्गात गेली, तिचा मोबदला आला आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, त्या खाचरात भात दिसेनासं झालं. त्याला तिथं लग्नं दिसू लागली. एका उन्हाळ्यात त्यानं बांध मोडले, डंपरमागून डंपर मुरूम ओतला, वर लाल माती टाकून विकतची हिरवळ अंथरली आणि त्या सगळ्याला 'लॉन्स' असं अनेकवचनी नाव दिलं. गेटवर फायबरचे दोन हत्ती बसवले. ते घडवणाऱ्यानं हत्ती बहुधा फक्त कॅलेंडरावर, तोही एकाच बाजूनं पाहिला असावा. आत कारंजं, बाहेर राजवाडी खांब, मधे नवरा-नवरीसाठी पक्क्या सिमेंटचं स्टेज.

"आणि खायचं काय?" आईनं विचारलं होतं.

"आई, तांदूळ दुकानात मिळतो," दादा म्हणाला.

उद्घाटनाला तालुक्यातले सगळे आजी, माजी आणि भावी आले. स्टेजवर इतके पाहुणे बसले की समोर ऐकायला घरचीच माणसं उरली. प्रत्येकाला शाल आणि नारळ. एका वक्त्यानं सांगितलं, या तरुणानं मातीचं सोनं केलं. तरुण तेव्हा पन्नाशीला टेकला होता आणि माती तीन फूट मुरुमाखाली होती. मी शहापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भाषणं निमूटपणे ऐकण्याची मला नोकरीतच सवय झाली आहे. वहिनी जरीची साडी नेसून हत्तीशेजारी उभी होती. येणाऱ्याला गुलाबपाणी शिंपडायचं काम तिच्याकडे होतं आणि ती ते भाताच्या राबातल्या रोपांवर पाणी शिंपडावं तसं, मोठा हात करून, करत होती. दोन माजी चांगलेच भिजले.

वहिनीबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. आवणीत, म्हणजे उपटलेली भाताची रोपं चिखलात लावायच्या कामात, तिच्या हाताला गावात तोड नव्हती. आमच्याकडे आवणी सावडीनं होते. आज तुमच्या घरचे हात माझ्या शेतात, उद्या माझ्या घरचे तुमच्या शेतात. पैशाचा संबंध नाही. जितके हात घेतले तितके परत द्यायचे, एवढंच. सावडीला कोणाला बोलावलं जातं आणि कोणाला नाही, यावरून गावात कोणतं घर धरलं आहे आणि कोणतं सोडलं आहे ते कळतं. त्याची वेगळी नोंद कोणी ठेवत नाही.

लॉन सुरू झालं त्या पावसाळ्यात आमचं वरचं लहान खाचर गावानं नेहमीप्रमाणे सावडीनं लावून दिलं. फेडायची वेळ आली तेव्हा दादानं वहिनीला अडवलं. "लॉनच्या मालकाची बायको लोकांच्या चिखलात दिसली तर बुकिंगवाले काय म्हणतील?" तिच्याऐवजी त्यानं खर्डीकडच्या एका पाड्यावरच्या दोन मजूर बाया रिक्षात बसवून वरच्या आळीत पाठवल्या. मजुरी आपण देऊ, असा निरोपही दिला. त्याला वाटलं, आपण हिशेब चोख केला.

वरच्या आळीत एक म्हातारी आहे, सगळं गाव तिला आत्या म्हणतं. आवणीत कोणी कुठं उभं राहायचं हे तीच ठरवते. तिनं त्या दोघी बायांना भाकरी वाढली, ओटीत तांदूळ घातले आणि त्याच रिक्षानं परत पाठवलं. रिक्षावाल्याजवळ उलटा निरोप दिला: "सांग त्याला, आमी मजूर मागितले नव्हते."

दादा हसला. पुढच्या वर्षी वरचं खाचर त्यानं दुसऱ्याला खंडानं कसायला देऊन टाकलं. सावडीचं बोलावणं आमच्या दाराशी यायचं बंद झालं, आणि ते बंद झालं आहे हे जरीच्या साडीतल्या वहिनीशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही.

लॉन पाण्यानं बुडालं. हे मी अलंकारिक अर्थानं लिहीत नाही. मुरूम टाकताना दादानं वरच्या खाचराच्या मोऱ्या बुजवल्या होत्या आणि त्यांच्या जागी एक हातभर रुंदीचा पाइप घातला होता. ज्याचं अर्धं आयुष्य बांधावर पाणी वळवण्यात गेलं त्यानं हे केलं. वैशाखात एका लग्नात वळवाचा पाऊस कोसळला आणि गालिच्याखालून पाणी वर आलं. वऱ्हाडी जेवणाची ताटं हातात धरून खुर्च्यांवर उभे. तो व्हिडिओ मुरबाडपासून वाशिंदपर्यंत प्रत्येक फोनवर पोचला. वाशिंदला तोवर गार हवेचे हॉल झालेच होते, लोक तिकडे गेले. आमच्याकडे राहिले भावी मंडळींचे वाढदिवस. ते भाड्याऐवजी भाषणात दादाचा उल्लेख करायचे. मग जनरेटर गेला, खुर्च्या गेल्या. हत्ती एका रिसॉर्टवाल्यानं नेले. देणेकऱ्यांचं लिहायला मला आवडत नाही. ते आले, ओटीवर बसले, आणि दादाच्या नावावरचं वरचं लहान खाचर त्यात संपलं. खालचं वाचलं ते अजून आईच्या नावावर होतं म्हणून.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी दादा म्हणाला, "मुरबाडला जाऊन येतो." वहिनीनं डबा दिला, तो त्यानं घेतला. मोटरसायकल चार दिवसांनी खर्डी स्टेशनबाहेरच्या स्टँडवर सापडली. मुरबाड एकीकडे आणि खर्डी दुसरीकडे. चावी त्यानं स्टँडवाल्याकडे दिली होती, घरचं कोणी येईल म्हणून सांगून. पोलिसांत तक्रार दिली. हवालदारानं दादाचं वर्णन लिहून घेताना मान वर करून विचारलं, "लॉनवाले, तेच ना?" आणि आमच्याकडे असं बघितलं, जणू खुर्चीवर ताट घेऊन उभे राहणारे आम्हीच.

मेलेल्या माणसाचं बरं असतं, असं मी त्या दिवसांत अनेकदा मनात म्हटलं. दहावं असतं, तेरावं असतं, कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं. निघून गेलेल्या माणसासाठी काहीच नाही. लोक भेटायला यायचे आणि चहा घ्यावा की नाही, इथंच अडायचे. वहिनीनं कुंकू लावलं की बाया बघायच्या. नसतं लावलं तरी बघितल्याच असत्या. कोणी सांगे, नाशिकला दिसला. कोणी सांगे, वापीजवळ एका लग्नाच्या हॉलवर गेटवर उभा असतो, निळा गणवेश घालून. मी जाऊन बघावं असं दोघातिघांनी सुचवलं. वहिनी म्हणाली, "नको भावोजी. तिथं ते नसले तरी वाईट, असले तरी वाईट." आईनं बोलणंच कमी केलं होतं. दुकानातून आणलेला तांदूळ निवडत बसायची, त्यात निवडण्यासारखं काही नसायचं तरी.

पौषातली म्हशाची जत्रा आटोपल्यावर वहिनीचा मोठा भाऊ आला. त्याचं गाव म्हशाच्या पुढे, डोंगराकडे. सरळ माणूस, बहिणीवर जीव असलेला. आणि त्याच्या भेंडीच्या तोडणीला रोज माणसं कमी पडत होती, हेही खरं. तो आईसमोर बसला.

"मावशी, राग मानू नका. हिला मी नेतो. हिची पोरगी नांदायला सिन्नरला गेली, नवऱ्याचा ठावठिकाणा नाय. इथं ती कोणाची म्हणून राहणार?"

मी काही तरी म्हणायला हवं होतं असं सगळ्यांना वाटलं, पण मला सुचलेली वाक्यं पुस्तकी होती.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "खालचं खाचर आहे ना."

"खाचर?" भाऊ म्हणाला. "बाय, ते मैदान आहे."

"यंदा भात लावते. जमलं तर राहीन. नाय जमलं तर तू टेम्पो घेऊन ये, मी भांडी बांधून तयार असेन."

"आणि लावणार कोण? तुझ्याकडं येतं का कोणी?"

दोन वर्षं आमच्या घराला कोणी बोलावलं नव्हतं, आणि एकट्या बाईनं एवढं खाचर लावून होत नाही. भावानं ते बरोबर ओळखलं होतं. त्यानं चहा संपवला आणि आवणी झाली की येऊन बघतो, असं सांगून गेला.

मुरूम काढायला पैसे लागणार होते, ते नव्हते. पलीकडच्या गावात रस्त्याचं काम चाललं होतं. तिथल्या ठेकेदाराला सांगितलं, हवा तेवढा मुरूम फुकट ने. त्याचा जेसीबी तीन दिवस आला. वरचा स्वच्छ मुरूम त्यानं साय काढावी तसा काढून नेला आणि खालचा, मातीत मिसळलेला, आमच्यासाठी ठेवला. "हा रस्त्याला चालत नाय," म्हणाला. शेताला चालेल का, हे विचारायचं कारण त्याला नव्हतं. सिमेंटचं स्टेज फोडायचे तो वेगळे पैसे मागत होता, म्हणून ते राहिलं. मी रविवारी आणि वहिनी रोज, पाटीनं दगड वेचून रस्त्याकडेला टाकत होतो. तिनं बांध घातला, मोऱ्या उकरून मोकळ्या केल्या. मातीचा एक कोपरा निवडून त्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून रोपांसाठी राब भाजला. पहिल्या पावसानंतर त्या राखेत पेरलेलं भात उगवलं तेव्हा रस्त्यानं जाणारे वाकून बघायचे. शुभेच्छा कोणी दिल्या नाहीत.

गावात आवणी सुरू झाली. सकाळी बाया डोक्यावर इरलं नाही तर प्लास्टिकचा कागद घेऊन आमच्या दारावरून जायच्या. कोणी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी न बोलावताच निघाली. मी कामावर जायला फाट्यावर वाहनाची वाट बघत होतो. आत्याचं खाचर तिथून समोरच दिसतं.

ती बांधावरून उतरली, साडी खोचली आणि ओळीच्या टोकाला चिखलात जाऊन उभी राहिली. आवणीत एक जण मागून रोपांच्या जुड्या लावणाऱ्यांकडे फेकत असतो. जुडी पुढ्यात पडली की सोडायची आणि लावत मागं सरायचं. वहिनीच्या पुढ्यात जुडी पडेना. डावीकडे पडत होत्या, उजवीकडे पडत होत्या.

"कोन गो ती?" आत्यानं बांधावरून विचारलं. तिला चांगलं दिसत होतं.

"लॉनवाली," एक बाई म्हणाली.

"काय, बुकिंग घ्यायला आली काय?"

"नाय गो आत्या, गुलाबपाणी मारायला."

सगळ्या हसल्या. वहिनी रिकामे हात घेऊन तशीच उभी. ओळ लावत लावत मागं सरली, तशी तीही एक पाऊल मागं सरली. पाऊस वाढला. मी छत्रीखाली होतो, आणि तिथं छत्री घेऊन उभं असणं मला फार बरं वाटत नव्हतं. दोन रिक्षा गेल्या, मी हात केला नाही.

"मधी खांबासारखी उभी ऱ्हाऊ नको," आत्या म्हणाली. "सरक, नाय तर काम कर."

"कशानं करू?" वहिनी म्हणाली. एवढंच.

थोड्या वेळानं एक जुडी तिच्या अगदी पायाशी आदळली. चिखल तोंडावर, डोळ्यांत उडाला. फेकणाऱ्यानं तसा नेम धरूनच फेकली असावी. वहिनीनं तोंड पुसलं नाही. जुडी सोडली आणि वाकली.

"हात नाय विसरली अजून," कोणी तरी म्हणालं.

"विसरंल कशी? हात एसीत ठेवले व्हते."

त्या पावसाळ्यात ती अशीच शेत ते शेत फिरली. कोणी तिला बोलावलं नाही, पण उतरल्यावर जुडी मिळायची. आपलं खाचर कधी लावायचं हे तिनं विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याकडे नाही, असं ती म्हणायची. इकडे आमची रोपं वाढून लांब झाली, वाऱ्यानं आडवी पडू लागली. भाताचं रोप वेळेत हललं नाही की ते जून होतं, मग फुटवे धरत नाही. वहिनी रोज संध्याकाळी राबाकडे जाऊन बघून येई.

गावातलं सगळं आटोपल्यावर एका सकाळी आत्या आमच्या पडवीत आली. बसली नाही.

"उद्या तुजं लावू," म्हणाली. "टिलर फिरवून ठेव."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं ज्यांच्या ज्यांच्या शेतात काम केलं होतं त्यांचे हात येणार, हे धरलंच होतं. पण एकेका घरातून दोन-दोन, तीन-तीन जण आले. ज्यांच्याकडे ती गेलीच नव्हती अशा दोन घरच्या सुनाही आल्या. आत्यानं त्यांना तसं सांगितलं असावं. मुरमात काम हळू होणार, हे तिनं रस्त्यावरूनच ओळखलं होतं.

पहिल्या ओळीलाच ते सगळ्यांना कळलं. बोट चिखलात जाईना. वर चार बोटं माती, खाली दगड.

"आत्या, इथं नख बी जात नाय."

"खुंट्या घ्या."

कुडातून मोडलेल्या काठ्यांना टोकं काढून खुंट्या केल्या. भोक पाडायचं, त्यात रोप खुपसायचं, मूठभर चिखल दाबायचा. आवणीत चालतात तशी गाणी नव्हती. बोटांची कातडी गेली तशी दादाची आठवण काढण्यात आली.

"त्याला आणा रे वापीवरनं. आधी त्याला रोवू."

"डोकं खाली कर त्याचं, नाय तर उगवंल परत."

वहिनीही हसली. आई बांधावर बसून होती, तीही हसली असं मला वाटलं. पण तिचा चेहरा त्या वर्षी असा झाला होता की खात्रीनं सांगता येत नाही. अंधारायच्या आत खाचर लावून झालं. मधे सिमेंटचं स्टेज तेवढं कोरडं, चारी बाजूंनी रोपं. निघताना एक बाई त्यावर उभी राहून पाय धुवून गेली.

ते पीक आलं नाही. आलंच नाही असं नाही, पण त्याला आलं म्हणता येत नाही. मुरमातून पाणी खाली निघून जाई. गणपतीत पावसानं उघडीप दिली तेव्हा वरची खाचरं भरलेली होती आणि आमच्याला भेगा पडल्या होत्या. पूर्वी सगळ्या गावाचं पाणी ज्यात साठायचं ते हे खाचर. मधला पट्टा पिवळा झाला. कडेला लोंब्या धरल्या, त्यातले निम्मे दाणे फोल निघाले. लवकर वाळल्यानं गावाच्या आधीच कापावं लागलं. झोडून, वारवून घरात आलं ते एका कोपऱ्यात मावलं, आणि तो कोपरा काही मोठा नव्हता. आईनं त्याचा भात रांधायला लावला, चार घास खाल्ले आणि म्हणाली, "आपलाच आहे." तेवढंच.

भाऊ ठरल्याप्रमाणे आला, टेम्पो घेऊन. आवणी झाल्यावर येतो म्हणाला होता, तेव्हा लावलेलं बघून मुकाट्यानं परत गेला होता. आता त्यानं खोलीच्या दारातून ते धान्य बघितलं.

"हे किती दिवस पुरेल?"

"शिमग्यापर्यंत पुरेल," वहिनी म्हणाली.

"मग? तूच म्हणाली व्हतीस, जमलं तर राहीन. हे जमलं का?"

"नाय जमलं."

तिनं हे इतकं सरळ सांगितलं की तो थोडा गडबडला. त्यानं वाद घालायची तयारी करून आणली होती. "मग भांडी बांध," तो म्हणाला.

"येता नाय येणार."

"का?"

"सावड अंगावर आहे. मी दिले एकेक हात, ते आले तीन-तीन. अर्ध्या गावाची फेडायची आहे."

"अगो, पीकच नाय आलं तर फेड कसली?"

"पीक नाय आलं. माणसं तर आली ना?"

भावानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. यात कायदा काय म्हणतो ते मला माहीत नव्हतं, पण गाव काय म्हणतं ते माहीत होतं.

"नाय फेडलंस तर काय करतील?" तो म्हणाला. "कोर्टात जातील?"

"कोर्टात गेले असते तर बरं होतं. तिथं तारीख मिळते."

भाऊ हसला नाही. त्यानं पेंढ्याचे चार भारे टेम्पोत टाकले, आईच्या पाया पडला, आणि जाता जाता विचारलं, "कधी फिटेल?"

वहिनीनं मनातल्या मनात घरं मोजली असावीत. ओठ हलले. "दोन आवण्या," म्हणाली. "मधे झोडणी, कापणी आली तर दीड."

दोन आवण्यांनंतर काय, हे त्यानं विचारलं नाही. आईनंही नाही. वापीला कोणी गेलं नव्हतं, वापीहून कोणी आलं नव्हतं, आणि शिमग्यानंतर तांदूळ दुकानातूनच यायचा होता. त्या घरात राहण्यासाठी वहिनीकडे आता नवरा हे कारण उरलं नव्हतं, शेत हेही उरलं नव्हतं. उरलं होतं ते एवढं देणं. ते तिनं असं जपलं की मला कधी कधी भीती वाटते, ते लवकर फिटलं तर काय करायचं.

टेम्पो वळणापलीकडे गेल्यावर तिनं पदर खोचला, कोपऱ्यातला विळा घेतला आणि आत्याच्या खाचरात कापणीला गेली.